गोलाबाहेर बोललेलं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार

प्रिय संयोगिता,

परवा मंगळवारी तू आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहून एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता दार लावून घेतलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. "आईनं माझं नाव कधी घेतलं का, एवढंच सांगा," असं तू म्हणालीस. आत बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. "इथलं बोलणं बाहेर सांगत नाही," असं मी म्हणाले. तू त्याचा अर्थ 'नाही' असा घेतलास, हे मला खिडकीतून तुझी पाठ बघताना कळलं. पण हे पत्र मी नियम मोडण्यासाठी लिहीत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू घाईनं शेवटच्या ओळींवर उडी मारणार नाहीस.

माझं नाव प्रमिला इंगवले. कोल्हापुरात कॉलेज करून मी नर्सिंगला गेले त्याला आता खूप वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी तुमच्या गावच्या केंद्रात गेली. लहानपणी तुला लस मीच टोचली असेल. तुझी आई झुंबरबाई दर आठ-पंधरा दिवसांनी यायची. कधी छातीत धडधड, कधी हातापायाला मुंग्या, झोप तर नाहीच. रक्त तपासलं, कोल्हापूरला पाठवून हृदयाची पट्टी काढून आणली, सगळं ठीक. तरी ती यायची आणि "एक बाटली लावा की, सिस्टर," म्हणून कॉटवर आडवी व्हायची. ती एकटीच नव्हती. अशा सात-आठ बायका होत्या, आणि सलाइन लावलं की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ कुणी त्यांना हाक मारत नसे.

मग रक्षिता डॉक्टर आल्या. वयानं तुझ्याएवढ्या, माहेर तू आता राहतेस त्या निपाणीचंच. त्या म्हणाल्या, या बायकांना आपण दर मंगळवारी एकत्र बसवू आणि बोलू देऊ. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण बोलणंही उपचारच आहे आणि तो मोठ्या दवाखान्यातच मिळावा असं नाही. मला पटलं नव्हतं. बोलून कुणाचं रक्त वाढत नाही, असं मी तोंडावर सांगितलं. तरी लसीकरणाच्या खोलीत सतरंजी अंथरली, कारण सांगितलेलं काम मी करते. नियम तीन. कुणाच्या मधे बोलायचं नाही, कुणाला उपदेश करायचा नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. बायकांनी त्याला 'गोल' हे नाव दिलं.

पहिल्या मंगळवारी काय झालं ते सांगते. तेव्हा कुणी काही बोललंच नव्हतं, आणि न बोललेल्याला नियम लागू नाही. तुझी आई सगळ्यांच्या आधी आली आणि भिंतीला टेकून, पदर पुढे ओढून बसली. दुसरी आली, तिनं ते बघितलं आणि चपला बाहेर ठेवून मुकाट्यानं तिच्याजवळ बसली. तिसरीनं तेच केलं. रत्नव्वा आली ती दारातूनच, "कोण गेलं वं?" म्हणत. मी म्हटलं, "कोणी गेलेलं नाही, बसा." "मग अशा कशापायी बसलाय?" असं म्हणत ती थेट तुझ्या आईपाशी गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रडायला लागली. बघता बघता सगळ्याच रडायला लागल्या. एक बाई पदर ओढून भिंतीला टेकलेली, बाकीच्या तिच्याजवळ गप्प, म्हणजे हे मयताच्या घरी भेटायला येणंच, असा त्यांचा समज झाला. मी दटावायला उठत होते. रक्षिता डॉक्टरांनी माझा हात धरला. चहा आणला तर एकीनंही कपाला तोंड लावलं नाही, कारण मयताच्या घरी चहा घेत नाहीत. मला त्या वाया गेलेल्या दुधाचा राग आला होता. जाताना सगळ्या न बोलता उठून गेल्या. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना बजावून सांगितलं की इथं कुणी मेलेलं नाही. रत्नव्वा म्हणाली, "तुमास्नी काय ठावं, सिस्टर? झुंबरच्या घरात अंघोळ झाली की." ही गोष्ट गोलातली नाही, साऱ्या गावाची आहे, म्हणून लिहिते. तू घरच्यांच्या मनाविरुद्ध मृत्युंजयशी लग्न केलंस त्या आठवड्यात तुझ्या वडिलांनी, गणपतरावांनी, घरातल्या सगळ्यांना तुझ्या नावानं अंघोळ करायला लावली. तुझ्या आईच्या डोक्यावर चुलतीनं तांब्या ओतला. तुझे कपडे परड्यात पेटवले. पण जिवंत मुलीचं सुतक, त्यामुळे भेटायला कोण येणार? पाठीवर हात कोण ठेवणार? ते राहून गेलं होतं. ते आमच्या केंद्रात, लसींच्या फ्रिजशेजारी झालं. बायकांचा गैरसमज होता असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. आता म्हणत नाही.

त्यानंतर ती चुकली नाही. उसाच्या हंगामात बाकीच्या बायका तोडीला जायच्या, गोलात दोघी-तिघीच उरायच्या, तेव्हाही ती यायची. येताना पिशवीतून एक वाकळ आणायची आणि टाके घालत ऐकायची. पुढे ती वाकळ आमच्याच कपाटात, पट्टीच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर ठेवून जायला लागली. घरी का नेत नाही, असं मी एकदा विचारलं. तिनं नुसती एक कड उलगडून दाखवली. वरून-खालून तिचीच जुनी लुगडी, आणि आतल्या थरांत शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा, पिवळं परकराचं कापड, एका फ्रॉकची बाही. पेटवलेल्यांतून तिनं काय काय ओढून काढलं असेल ते तूच ओळखशील. एका तुकड्याची कडा करपलेली आहे. वाकळ शिवून झाली की आतलं कुणाला दिसत नाही, अंगावर घेणाऱ्याला ऊब तेवढी लागते.

ती गोलात नंतर बोलू लागली. काय बोलली ते मी सांगणार नाही. परवा तू दारातून परत गेल्यावर रत्नव्वानं मला चांगलं झाडलं. "त्वांड हाय का दगड? पोरीला पानी तरी इचारायचं. मेलेल्या बाईला कसला आलाय नेम?" मी म्हटलं, मेलेल्या बाईलाच जास्त, तिला येऊन खोडून काढता येत नाही. मग ती म्हणाली, "आनि तुमचं काय? तुमी कवा बोलायच्या? का तुमी नुसत्या पगाराला बसताय?" मी इतके दिवस खरंच नुसती बसत होते. त्या मंगळवारी मी पहिल्यांदा बोलले. काय, ते तुलाही कळणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुझ्या आईच्या शेवटच्या मंगळवारी, दर वेळी तसाच परत जाणारा चहा आला तेव्हा तिनं कप उचलला आणि प्यायली. बाकीच्या बघतच राहिल्या. मग एकेकीनं आपापला उचलला. उठताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "येतो, सिस्टर." आमच्याकडे हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. मी कुलूप लावून बाहेर पडले तर ती एसटीच्या थांब्यावर उभी. कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, तिला ओरडून बोलावं लागत होतं. तिथं, म्हणजे रस्त्यावर, गोलाच्या पूर्ण बाहेर, तिनं मला विचारलं, "आमच्या संयोगिताकडं जायचं म्हंजी निपानीची यष्टी कुठनं लागतीया वं?" मी म्हटलं, मुदाळ तिट्ट्यावरून, तासाभराची वाट आहे. "एवढंच व्हय?" असं ती म्हणाली. परत एकदा म्हणाली, "एवढंच." मग, "वाकळंची एक बाजू ऱ्हायलीया. ती झाली की जातो. मोकळ्या हातानं काय जायचं लेकीकडं?" शनिवारी तिच्या छातीत कळ आली. या खेपेला ती खरी होती. गाडी मिळाली, पण कोल्हापूर गाठलं नाही. तुला कुणी मातीला बोलावलं नाही, हे मला नंतर कळलं.

तर हे तुझं उत्तर. नाव घेतलं, मोठ्यानं घेतलं, भर रस्त्यात, 'आमची' म्हणून घेतलं. हे गोलातलं नाही, त्यामुळे माझ्याकडे ठेवण्याचा मला अधिकार नाही. बायका म्हणत होत्या, राहिलेली बाजू आम्ही शिवून देतो. मी शिवू दिली नाही.

तुझ्या आईची सिस्टर,
प्रमिला इंगवले

रक्षिता डॉक्टर रविवारी माहेरी निपाणीला येत आहेत. त्यांच्या हाती दिलं: वाकळ एक, एक बाजू उघडी. सुई तीत टोचलेली होती, ती गंजू नये म्हणून काढून कागदात वेगळी बांधली आहे. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, अर्धं. चष्मा, डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. मिसरीची डबी, रिकामी. ज्या कपातून ती चहा प्यायली तो केंद्राच्या मालकीचा आहे, म्हणून दिलेला नाही. तू मंगळवारी आलीस तर चहा त्यातच मिळेल.