मुशीच्या पोटात डबा नसतो

चोपडा, २ मे १९६८

जमलं! केस अजून ओलेच आहेत, तरी आत्ताच लिहिते.

कॉलेजात प्रॅक्टिकलला मुशी चिरली, म्हणजे लहान शार्कच, तेव्हापासून डोक्यात भुंगा होता. बहुतेक माशांना तरंगायला पोटात हवेची पिशवी असते. मुशीला ती नसतेच, नुसतं भलंमोठं तेलकट यकृत. पुस्तक म्हणतं, ती पोहत राहते म्हणून बुडत नाही. पुढे जाताना तोंडात शिरलेलं पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं, तोच तिचा श्वास. पाठ होतं सगळं. पटलं कुठे होतं?

आज नानामामांनी पोहायला शिकवायला पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून मला मळ्यातल्या विहिरीत सोडलं. माझी हवेची पिशवी! पण पाय थांबले की मी खाली. डबा असून? का? मग थांबलेच नाही. या काठाहून त्या काठाला गेले!

वर आल्यावर मामांनी डबा सोडला, तर त्यातून पाण्याची धार लागली. डबा गळका होता, आत हवाच नव्हती!

मामांचा चेहरा पांढराफटक. "पोरी, थांब, दुसरा डबा लई येस."

ते तो आणायला वळायच्या आत मी डब्याशिवायच उडी मारली होती.