भिंतीवरचा ळ

अब्बा, तुमची अक्षरं मी वाटून टाकली. दुकानाच्या आतल्या खोलीत पडदा ओढून तुम्ही जी जपलीत, ती आता कुणीही आपल्या कॉम्प्युटरवर फुकट उतरवून घेतो. लग्नपत्रिका छापतो, शाळेची पाटी करतो, पाहिजे तर त्यांची मोडतोडही करतो. हे कळलं असतं तर तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर हे काम करताना पहिली दोन वर्षं माझ्या मनात प्रेम वगैरे काही नव्हतं. तुम्हाला चिडवायचं होतं, एवढंच.

जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळचं आपलं ते पत्र्याचं दुकान. तुमच्याइतका चांगला पेंटर पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नव्हता, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. आणि तुमच्याइतका कंजूष उस्तादही नव्हता, हे लोक तुमच्या पाठीमागे सांगायचे. पाटी पूर्ण झाली की खडूच्या रेघा तुम्ही ओल्या फडक्याने पुसून काढायचात. दोन अक्षरांत किती जागा सोडली, शिरोरेषा आधी की नंतर, काही कुणाला दिसू नये म्हणून. अजून दिसतं, मी बारा वर्षांची आहे. उरलेल्या निळ्या रंगात मी एका पत्र्याच्या तुकड्यावर अ काढलाय, आणि तो चांगला आलाय, हे मला कळतंय. तुम्ही तो हातात घेऊन उजेडाकडे धरता. बराच वेळ पाहता. मग टर्पेंटाइनचं फडकं फिरवता.

"अब्बा, काऊन पुसलं?"

"आज तुले दाखवलं त उद्या गावभर वाटशील. पोरीनं हात काये करू नाही. जा, अम्मीले मदत कर."

अम्मी दुकानामागच्या घरात भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. तिलाही तुम्ही कधी काही दाखवलं नव्हतं.

मग बीटी बियाण्यांचे दिवस आले आणि तुमची चैन झाली. कंपनीचा माणूस जीप घेऊन यायचा, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवायचा, आणि रस्त्याकडेच्या खेड्यांतल्या भिंती तुम्ही पांढऱ्या-हिरव्या करत सुटायचात. 'आता बोंडअळीची काळजी नाही.' हात-हातभर मोठी अक्षरं. बोलताना तुमच्या तोंडी ळ कधी आला नाही, आपल्याकडच्या सगळ्यांसारखं तुम्ही 'अयी' आणि 'कायजी'च म्हणायचात, पण ब्रशने जो ळ काढायचात तो दोन्ही बाजूंनी असा भरून यायचा की लोक सायकल थांबवून बघत. पुढे बऱ्याच वर्षांनी गुलाबी अळी पडली. तेव्हा त्यातल्याच एका भिंतीचा मालक दुकानात आला. रुमालात बांधून बोंडं आणली होती. एक फोडलं, आत सगळं कुजकं, आणि त्यात अळी वळवळत होती. त्याने ते तुमच्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलं.

"चाचा, हे पाहा. माह्या भितीवर काय लिवलं तुमी?"

"मी अक्षर लिवतो भाऊ. मजकूर कंपनीचा."

"मंग पुसून त द्या. रोज उठून तेच वाचा लागते मले."

"माह्या हातचं मी पुसत नसतो," तुम्ही म्हणालात.

माझं अक्षर पुसताना तुमचा हात अडखळला नव्हता. तो माणूस बोंडं तिथेच टाकून गेला. मी ती उचलून बाहेर फेकली आणि त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मनातून उतरलात.

फ्लेक्स आला तेव्हा तुम्ही हसलात. "प्लास्टिकच्या कापडाले कोन विचारते?" दोन वर्षांत सगळ्यांनी विचारलं. शेवटी तुम्ही गावातल्याच एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून बॅनरच्या कडांना रिंगा ठोकायला लागलात. मी समोरून जायचे आणि तुम्ही खाली बघायचात. त्या बॅनरवरची अक्षरं मेलेल्या माशांसारखी होती, वेलांटी एकीकडे आणि रफार भलतीकडे. तुम्हाला ते दिसत होतं. त्या दुकानदाराला एक शब्द सांगितला असतात तर त्याने सुधारलं असतं. तुम्ही तेही सांगितलं नाही. तुमचं ज्ञान तुम्ही असं कबरीत नेलंत.

मी खामगावला डीटीपीचं काम करत होते तेव्हा मला फॉन्ट बनवायचं एक सॉफ्टवेअर सापडलं. फुकट होतं, आणि ते कसं बनलंय हेही उघडून पाहता येत होतं. बनवणाऱ्यांनी काहीच झाकलं नव्हतं. माझा रफार वेलांटीवर चढत होता. मी मोडक्या इंग्रजीत त्यांच्या फोरमवर विचारलं. कुठल्या तरी देशातल्या एका माणसाने दोन पानांचं उत्तर लिहिलं, चित्रं काढून, चूक कुठे आहे ते बाणाने दाखवून. शेवटी लिहिलं, आणखी अडलं तर विचार. मला रडू आलं, आणि रडताना तुमचाच राग आला. तो मला ओळखतही नव्हता. तुम्ही माझे बाप होतात.

तोवर तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली होती. फॉन्टसाठी तुमच्या अक्षरांचे फोटो काढायला मी मोबाइल घेऊन खेडोपाडी फिरले. बहुतेक भिंती पडल्या होत्या किंवा रंगवल्या गेल्या होत्या. अख्खा ळ मला शेवटी बोंडं घेऊन आलेल्या त्याच माणसाच्या घरी मिळाला. भिंतीवरचं वाक्य तसंच होतं. मला ओळखून म्हणाला, "चुना मारला होता बाई म्या. दोन पावसात पुन्हा वर आलं. रंग पक्का होता तुह्या बापाचा." मग त्यानेच समोर लावलेली बैलगाडी बाजूला घेतली, म्हणजे मला फोटो नीट घेता यावा. तुमचं सगळ्यात देखणं अक्षर तुम्ही सगळ्यात खोट्या वाक्यात खर्च केलंत, अब्बा. मी कॉम्प्युटरवर त्या ळच्या कडेने एकेक बिंदू ठेवत महिनाभर बसले. तेव्हा कळलं की दोन्ही पोटांची खालची रेघ तुम्ही किंचित जाड ठेवायचात, नाहीतर लांबून ती बारीक दिसते. मला सांगायला तुम्हाला एक मिनिट लागलं असतं.

फॉन्ट झाला. लोकांनी घेतला. असं काही फुकट वाटताना सोबत एक छोटी फाईल जोडावी लागते. तिच्यात लिहिलेलं असतं की हे घ्या, बदला, विका, काहीही करा. अट एकच, ज्याने बनवलं त्याचं नाव पुसू नका. त्या नावाच्या जागी मी फक्त माझं नाव लिहिलं. घाईत नाही. विचार करून. ते बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि तीन वर्षांत मी ते बदललेलं नाही.