नाल्यातले बेडूक

मंगळवार, ५ ऑगस्ट. नांदेड.

एरवी मासे घेऊन येणारा मारुती भोई आज गॅरेजवर रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "शेठ, माशाला डिझेलचा वास येऊन राहिला, कोनी घेईना. तुम्ही इंजिनाचं दुखणं कानानं वळखता, जरा गोदावरीला बी कान लावा की!" मी हसलो. तो चहा न घेताच गेला.

संध्याकाळी गॅरेजमागच्या नाल्यावर उभा राहिलो. बेडूक गप्प. बायको गेल्यापासून त्यांचीच सोबत होती. कधी थांबले, मला कळलंसुद्धा नाही? वीस वर्षं गाड्यांचं जळकं ऑईल मी याच नाल्यात ओततोय, आणि नाला नदीलाच जातो. मारुतीला ठाऊक असेल? म्हणून चहा घेतला नसेल?

उद्यापासून ऑईल पिंपात. आणि मारुतीच्या घरी जाऊन, सगळं सांगून, मग चहा मागीन. दिला तर बरं.