साडीवाल्याच्या खटल्यातली चौथी

३ डिसेंबर २०२४
नक्कल मिळाली. चारशे बारा पानं, सगळी कन्नडमध्ये. साडीवाल्याचा खटला, सन १९८७. शहापूर-वडगावच्या विणकर बायकांना 'कोल्हापुरात जास्त भाव मिळतो' म्हणून एसटीनं न्यायचा, निपाणीच्या अलीकडं उसात मारायचा, साड्या नि अंगावरचं सोनं घ्यायचा. अशा चौघी. जन्मठेप लागली, तुरुंगातच मेला. निकाल टाईप केला तो मी. कोर्टात नवीच लागले होते तेव्हा.

५ डिसेंबर
सुनेच्या — दिपालीच्या — फोनवर त्याच्यावरचा व्हिडिओ बघितला. मागं गाणं, पुढं त्याचा मिशीला पीळ दिलेला फोटो. दोन लाख लोकांनी बघितलाय. चौघींपैकी एकीचंही नाव नाही.

ठरवलं. कडोलीच्या साहित्य संमेलनात शाळेची एक खोली मागायची. चार बायका, चार बोर्ड. त्याचं नाव कुठंही लिहायचं नाही.

११ डिसेंबर
खोली मिळाली. शाळेचे नागेंद्र सर म्हणाले, "संमेलनात खून कशाला, बाई?"
मी म्हटलं, खुनाचं नाही, बायकांचं मांडणार आहे. त्यांनी विणलेलं तुमच्या आईनं नेसलं असेल.
सरांनी किल्ली दिली.

२० डिसेंबर
तीन घरं झाली. रुक्माबाईच्या मुलीनं आईनं विणलेल्या पदराचा तुकडा दिला. तानूबाईच्या घरच्यांनी दोनदा दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आत बोलावलं. गंगव्वाचा फोटोच नाही. ती कशी दिसायची, कशी चालायची ते भाच्यानं सांगितलं. तेच लिहिलं.

२८ डिसेंबर
चौथी शालूबाई. हिचं प्रेत मिळालं नाही. पण गंगव्वाचा खून झाला त्याच आठवड्यात साड्यांचं गाठोडं घेऊन घरातून निघाली, म्हणून तिचाही गुन्हा त्याच्यावर लागला. भाऊ मष्णूअण्णा, सत्तरीला आलेत, वडगावात अजून माग चालवतात. फोटो हातात देताना म्हणाले, "नवरा मारायचा तिला. दोनदा म्हायेरी आलती. दोन्ही टायमाला मीच परत नेऊन सोडलतो. तिसऱ्यांदा आलीच न्हाय."

मग मागावर वाकून धागा जोडत बसले. धागा तुटलेला नव्हता.

९ जानेवारी २०२५
चारशे बारा पानांचं मराठी भाषांतर संपलं. डोळे सुजलेत.

१२ जानेवारी
कडोली. सकाळपासून खोलीत माणूस मावत नव्हतं. लोक आवाज खाली करून वाचत होते. एवढंच हवं होतं मला.

दुपारी गर्दी जेवायला गेली. साठीच्या एक बाई शालूबाईच्या बोर्डापुढं उभ्या. खूप वेळ. मी विचारलं, ओळखत होता का?
"हिला कुणी मारलं न्हाय," म्हणाल्या. "मीच ती."

मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत. त्या साडीवाल्याला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. एकट्याच निपाणीत उतरल्या, साड्या विकल्या, तंबाखूच्या वखारीत कामाला लागल्या. पुढं पेपरात आलं, मेली म्हणून. "बरं वाटलं बघ. आता कोण हुडकाय येणार न्हाय." दुसरं लग्न झालं, मुलं झाली. नात आज इथं कविता वाचायला आलेली. तिला आजी पारूबाई म्हणूनच ठाऊक.

"बोर्ड ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "शालू मेलेलीच बरी."
फोन नंबर तेवढा दिला. दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच विचारलं, "मष्णू लई रडला व्हय?"

मी हो म्हटलं.

१३ जानेवारी
पान २८८ पुन्हा काढलं. आरोपीचा जबाब — 'मूरे मंदी'. तिघीच. शेवटपर्यंत तो तेवढंच म्हणत राहिला. न्यायाधीशांनी मानलं नाही. गेल्या महिन्यात ते पान मीच मराठीत केलं आणि पुढं गेले. खुनी खोटंच बोलणार, असं धरून.

तिघींना त्यानं मारलं. चौथीबद्दल तो खरं बोलत होता. त्या माणसाच्या बाजूची एक ओळ लिहायची म्हणजे जिवावर येतं. पण लिहिणार. नाहीतर त्या व्हिडिओवाल्यांत आणि माझ्यात काय फरक?

१६ जानेवारी
निपाणीला जाऊन आले. घरात त्या एकट्याच होत्या. मी म्हटलं, "शालूआक्का, चुकीचा बोर्ड मी ठेवणार नाही. पण तुम्ही इथं आहात हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही. 'चौथी या खुनांतली नव्हती' एवढंच लिहीन."
"कशावरनं म्हणून इचारतील."
"कोर्टाच्या कागदावरनं. प्रेत नव्हतं, साक्षीदार नव्हता. विचारू देत."
"आणि मष्णू?"
"ते तुमच्यावर आहे. दर वर्षी तुमचं श्राद्ध घालतात ते."

त्या माझी कपबशी उचलून आत गेल्या. मी बाहेर येऊन एसटी धरली. घरी येऊन, संमेलनातून आणलेल्या चार बोर्डांतला त्यांचा बाजूला काढून ठेवला.

१८ जानेवारी
सकाळी शालूआक्कांचा फोन. लगेच वडगावला गेले. मष्णूअण्णांनी माग थांबवला.

"शालूबाईंचं कळलंय," म्हटलं.
"हाडं घावली व्हय?"
"नाही, अण्णा. उद्या जेवायला बोलावलंय तुम्हाला."