पलीकडे वस्ती नाही

मंगळवार, ४
पोचले एकदाची! बस आठवड्यातून एकदाच येते, म्हणजे पुढच्या मंगळवारपर्यंत मी इथलीच. दरी लांबट, होडीसारखी. दोन्ही अंगांना डोंगर, मधून नदी. अलीकडे सत्तावीस घरं, पिठाची गिरणी, एक दुकान. पलीकडे नुसतं रान. नकाशातही तिथे वस्ती नाही. काम सोपं: घरोघर जायचं, माणसं मोजायची. शिंपीणमावशींकडे माडीवरची खोली मिळाली. त्यांनी आल्या आल्या माझं नाव पाडलं, 'मोजणीबाई'. चाळिशी उलटल्यावर टोपणनाव! हसूच आलं.

बुधवार, ५
अकरा घरं झाली, त्रेचाळीस माणसं. कोटाची उसवलेली बाही मावशींनी न सांगताच शिवून ठेवली. घरी कोण कोण असतं, विचारलं. कुणी नाही म्हटलं. मग किती तरी वेळ त्यांनी मशीन चालवलंच नाही.

गुरुवार, ६
गिरणीवाल्याकडे काल पाच जण मोजले होते. आज दार सताड उघडं, ताटं वाढलेली, माणूस एकही नाही. नदीपलीकडे रानातून धूर निघत होता. मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या, त्याची बायको महिन्यापूर्वी नदीत बुडून गेली, तिनेच हाक मारली असेल. गेलेलं माणूस आपल्या माणसाला बोलावतं. ओ दिली की जावं लागतं.
नदीवर ना पूल, ना होडी.

शुक्रवार, ७
पलीकडे नऊ धूर. अलीकडे अठरा घरं. दुकानात तराजूत साखर तशीच. काठावर चपलांची रांग, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. घाबरले. मग स्वतःला समजावलं: मला हाक मारणारं तिकडे आहेच कोण? एकटी असल्याचं आज पहिल्यांदाच बरं वाटलं.

शनिवार, ८
पाच घरं उरली. मंगळवारी माझ्याबरोबर चला, असं मावशींना म्हटलं. हो म्हणाल्या. कानात कापूस घालून शिवत बसल्या. शेजारी राहणारी त्यांची धाकटी बहीण कालच गेली. दुपारी अचानक कापूस काढून म्हणाल्या, "धाकटीचा आवाज गं." मी हात घट्ट धरून ठेवला. ओ दिली नाही त्यांनी. अजून तरी —

रविवार, ९
मशीनवर कापड तसंच. सुई कापडात. मावशी नाहीत.
पलीकडे सत्तावीस धूर. अलीकडे मी.
दिवसभर कड्या वाजवत फिरले. कुणासाठी —

सोमवार, १०
उद्या बस. एवढा एक दिवस. कानात कापूस —

दुपार. कापसातूनही ऐकू येतंय. नदीकडून. मावशींचा आवाज. "पोरी, जेवलीस का गं?"
त्या मावशी नाहीत. माहीत आहे मला. माहीत आहे. पण आई गेल्यापासून हे कुणी विचारलं —

पुन्हा. तेवढ्याच मायेने.

तोंड दाबून धरलंय.

पुन्हा.

एवढंच सांगते, नाही जेवले, माव—