भागोजीचा रोबोट

३ जानेवारी
ऑपरेशन करून मुंबईहून घरी आलो. कॅन्सर होता म्हणून प्रोस्टेट काढून टाकली. अख्ख्या थळ गावात असा पहिला मीच असणार होतो, पण शेजारचा भागोजी आधीच ऑपरेशन करून आला. तेही रोबोटकडून. माझं साध्या माणसाने केलं. सुचिता म्हणाली, डॉक्टर हुशार होता की! बायकोला मुद्दा कळत नाही.

१० जानेवारी
नळी काढली. लघवी थांबत नाही. डायपर. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम रोज करा, दोन-चार महिने लागतील, इति डॉक्टर. ते इतरांना. मी या महिन्यातच कोरडा होणार. भागोजीच्या आधी.

१५ जानेवारी, सकाळ
भागोजी बंदरावर फिरताना दिसला. ताठ. कोळणींशी हसत होता. मुद्दाम.
व्यायाम उद्यापासून. आज मन थाऱ्यावर नाही.

२२ जानेवारी
व्यायाम टीव्ही बघत केला. झोप लागली. स्नायूंना विश्रांतीही हवीच.
गाव त्याच्याकडे लोटतंय, रोबोट कसा दिसतो विचारायला. सुचिताने त्याला रव्याचे लाडू नेले. मला का नाही विचारलं तर म्हणे, तुला बद्धकोष्ठ आहे.

१ फेब्रुवारी
महिना संपला. जानेवारी थंडीचा, थंडीत होतंच. फेब्रुवारी नक्की.

१६ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला. कॅन्सर दाखवणारा पीएसए जवळजवळ शून्य! माणसाने केलेलं ऑपरेशन! डायपर न घालताच भागोजीकडे धावलो. ओटीवर तो आणि त्याचा मुलगा विनेश बसले होते. मी रिपोर्ट वाचून दाखवला. दोनदा. भागोजी म्हणाला, "बरा झाला रे गुणाजी. माझा आकडा न्हाय उतरला. लाईट घ्यायला सांगितलंय." लाईट म्हणजे रेडिएशन.
तेवढ्यात शिंक आली आणि लेंगा भिजला. भागोजीने आतून डायपर आणून दिला. त्याच्याकडे मोठा पुडा आहे.

१७ फेब्रुवारी
रात्रभर डोळा लागला नाही. ठरवलं, लाईट घ्यायला त्याच्यासोबत मीच जाणार. मांडव्याहून मुंबईची लाँच, तिकडची टॅक्सी, सगळं मला पाठ. सकाळीच सांगून आलो. त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, "विनेश येतोय. तू आलास तर वाटेत दर पावलाला तुझ्या डायपरसाठी थांबावं लागेल."
विनेशला मुंबईतलं काय कळतं?