अज्ञात वाहन

५ मे २०२५, सोमवार

शंतनु वकिलांकडून पाकीट आलं. कर्नाटक पोलिसांचे कागद, कन्नडमधले, प्रत्येकाला मराठी भाषांतर जोडलेलं. मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. ह्यांचं नाव, ‘मयत कोंडीराम’, अकरा वेळा. आठ डिसेंबर, दुपारी सव्वाचार, बंगळूर रस्ता. अज्ञात वाहनाने मागून धडक दिली. जागीच मृत्यू. साक्षीदार नाही. तपास बंद.

पुतण्या राहुल समोर बसून होता. ह्यांनी नेलेली गाडी त्याची. म्हणाला, “काकू, माझा विमा गाडीला आणि मालकाला. काकांना त्यात काही नाही. त्या लॉरीचा नंबर मिळाला तर तिच्या विमा कंपनीवर दावा लागतो. नाहीतर सरकारची ठरलेली मदत, ती पण केव्हा देव जाणे.”

“आपण देव मानत नाही,” मी म्हटलं.

तो हसला. मग रडला. मी भाकऱ्या टाकल्या.

६ मे

काही नाही. कपडे धुतले. ह्यांचा एक शर्ट अजून बादलीत येतो, कसा कोण जाणे.

९ मे, शुक्रवार

दादरला वकिलांकडे. तरुण आहेत, पण नीट बोलतात. भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिने, म्हणजे आठ जूनपर्यंत. तो रविवार, म्हणून सहाला दाखल करू म्हणाले. सगळं पहिल्यापासून विचारलं. मी सांगितलं — सहा डिसेंबरला हे चैत्यभूमीजवळ पाण्याच्या स्टॉलवर होते. दावणगेरेकडची एक म्हातारी गर्दीत पडली, खुब्याला मार. ट्रेनमध्ये बसवेना. हे म्हणाले, मी सोडून येतो. मी म्हटलं, एवढ्या लांब? तर म्हणे, “बाबासाहेबांसाठी आलेली बाई आपल्या दारात पडली. आपणच सोडायची.” सोडलं. येताना एकटे होते.

“शेवटचं बोलणं कधी झालं, मावशी?”

“सकाळी.”

“त्यानंतर तुम्ही फोन केला नाही?”

“नाही.”

त्यांनी ‘नाही’ लिहून घेतलं.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात खीर होती. मी वाढायला उभी राहिले तर बायकांनी खाली बसवलं. त्याच हॉलमध्ये अडतिसाव्या वर्षी मी अक्षरं शिकले. ह्यांनीच वर्गात नेऊन बसवलं आणि स्वतः दाराशी चपला सांभाळत बसले, मी पळून जाऊ नये म्हणून.

आता लिहिते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी फोन केला होता. दोनदा. चार बत्तीसला पहिला. कोणी भलताच माणूस, भलत्या भाषेत भराभरा बोलायला लागला. मी म्हटलं, राँग नंबर, आणि कापला. दोन मिनिटांनी परत लावला. परत तोच. मी ओरडले. मग फोन ओट्यावर टाकला आणि शेजारच्या कांताशी बोलत बसले. साडेसातला पोलिसांचा फोन आला, हिंदीत. तो समजला.

सव्वाचारला धडक. चार बत्तीसला मी कापला.

२० मे, मंगळवार

आणखी एक. गेल्या वर्षी एकजण बँकेतून बोलतोय म्हणून मला फसवणार होता. तेव्हा राहुलने माझ्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं, सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड होतात. म्हणजे ते दोन्ही फोन आत आहेत. पाच महिने मला माहीत आहे. मी ऐकलेले नाहीत.

तो माणूस काहीतरी सांगत होता. एवढं तर भाषा न येताही कळतं.

२२ मे, गुरुवार

व्हायोला सिस्टरकडे गेले. तीस वर्षं परळला हॉस्पिटलात नर्स होती, मूळची मंगळूरची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तीच होती, दोन्ही पोरं गेली तेव्हाही.

“माझं कन्नड मंगळूरचं हां. हा गाववाला असेल. बघते काय कळतंय.” चष्मा चढवला. पहिलं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. मी खिडकीबाहेर बघत होते. समोर एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती. खालच्या माणसाने वर बघून काहीतरी म्हटलं.

“सुंदरा, कागद दे.”

तिने लिहिलं. तो म्हणतो, तुमच्या माणसाला लॉरीने उडवलं. सिमेंटच्या गोण्यांची हिरवी लॉरी. थांबली नाही. नंबर असा असा. माझं पुलाखाली पंक्चरचं दुकान आहे, कन्नड येणारं कोणी असेल तर त्याला फोन द्या.

आणि मग मी. राँग नंबर.

“दुसरं पण लावू?”

“नको. त्यात मीच ओरडलेय. पुढे नुसती खरखर असेल.”

“तू तर माझ्या लग्नाच्या दिवशी पण ओरडत होतीस, आठवतं? तुला केक कमी मिळाला म्हणून.” मग तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. माझा कसा होता ते मला कळलं नाही.

२८ मे, बुधवार

राहुल एका कन्नड मित्राला घेऊन जाऊन आला. दुकान सापडलं. म्हातारा आहे तो. पोलीस दहा वेळा बोलावतील म्हणून तेव्हा गप्प राहिला. आता साक्ष देतो म्हणाला. का, विचारलं तर राहुलला म्हणाला, त्या बाईंनी परत फोन केला होता ना, तेव्हापासून कोणीतरी येईल म्हणून मी वाट बघत होतो.

राहुलने माझ्याकडे बघितलं. मी त्याचं ताट वाढलं.

३० मे

वकिलांना सांगितलं, “मी खोटं बोलले.”

त्यांनी कागद पुढे ओढला. मग, “प्रतिज्ञापत्रात लिहू, की भाषा समजली नाही म्हणून संभाषण होऊ शकलं नाही?”

“मी कापला, असं लिहा.”

“मावशी, गरज नाही त्याची.”

“ते कोर्टात ऐकवणार ना? मग लिहा.”

लिहिलं. मी स्वतः वाचून सही केली. अंगठा नाही, सही.

४ जून, बुधवार

लॉरी आहे, मालक आहे, तिचा विमाही चालू होता. वकील म्हणाले, दावा उभा राहिला. माझा फोन पुरावा म्हणून परवा त्यांच्याकडे द्यायचा. कधी परत मिळेल सांगता येत नाही.

बरं वाटायला हवं होतं.

५ जून, गुरुवार

उद्या फोन जाणार म्हणून सिस्टरकडे परत गेले. म्हटलं, दुसरं पण लाव.

माझा आवाज. “कोण आहेस तू? ह्यांच्याकडे दे फोन.” तो माणूस दोन शब्द बोलला. मग खरखर. मग लांबून मी, कांताला सांगतेय — ह्यांचा फोन भलत्यानेच उचललाय गं. येऊ दे घरी, बघते. सुकटाची चटणी केलीय, झाकून ठेवलीय. ह्या वेळी तिखट बरोबर पडलंय. मी फोन नुसता ओट्यावर टाकला होता, बंद केलाच नव्हता. सव्वा मिनिट मी बोलतेय.

सिस्टरने तीनदा ऐकलं. मग सांगितलं. तुम्ही ‘फोन दे’ म्हणालात ना, तेवढं कळलं, म्हणून फोन त्यांच्या कानाला लावलाय, असं तो म्हणतो. आणि अगदी शेवटी, हळू आवाजात — ऐकतायत ते. थांबू नका, बोला.